सादळण्याचा हिशेब

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात गुहागरजवळ आत्याकडे पोचले, तेव्हा पावसाने तीन दिवस उसंत घेतली नव्हती. माजघरातल्या वलणीवर चार दिवसांचे कपडे ओलसरच लटकत होते. जेवायला बसले तर ताटात मीठ वाढायचं राहिलेलं. आत्याने चिनी मातीच्या बरणीत चमचा घातला, तो मिठाऐवजी खारं पाणी घेऊन वर आला. "पाणी सुटलंय," ती सहज म्हणाली आणि तेच पाणी थेंबभर माझ्या ताटात टाकून मोकळी झाली.

जेवणानंतर तिने बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा उघडला. त्यात तिच्या गोळ्या. रक्तदाबाच्या, कॅल्शियमच्या, आणि तळाशी मागे दाढ दुखली तेव्हाच्या अँटिबायोटिकच्या उरलेल्या तीन. या तिन्ही स्ट्रिपमधून काढून कागदाच्या पुडीत बांधलेल्या, कारण डब्यात स्ट्रिप मावत नव्हती. गोळ्या एके काळी पांढऱ्या असणार. आता त्यांच्या कडांवर पिवळे-तपकिरी ठिपके होते आणि एकीचा मुलामा तडकला होता. पुडीवर आत्याच्या ठळक अक्षरात पुढच्या वर्षीचा मार्च महिना लिहिलेला. तिथपर्यंत चालतील, असा त्याचा अर्थ.

तारीख तिने स्ट्रिपवरून अगदी बरोबर उतरवून घेतली होती. ती ज्या गोळीची होती, ती गोळी मात्र आता पुडीत राहिली नव्हती.

मला हे ठिपके ओळखीचे होते. तारापूरच्या एका औषध कंपनीत अकरा वर्षं मी याच तारखा ठरवणाऱ्या खात्यात काढली. कागदोपत्री नाव 'स्टॅबिलिटी विभाग'. काम असं की औषध मुद्दाम उकाड्यात आणि दमटपणात ठेवायचं, ठरलेल्या दिवशी बाहेर काढायचं आणि त्याचं किती बिघडलं ते मोजायचं. घरी कुणी विचारलं, तर मी सांगायचे, आम्ही औषध सादळवतो. माझ्या माहितीत या कामाला याहून नेमका मराठी शब्द नाही. दिवाळीचा चिवडा सादळतो तशीच गोळीही सादळते. चिवड्याचं लगेच दाताला कळतं, गोळीचं कुणाला कळत नाही, एवढाच फरक.

आत्याच्या मिठाच्या बरणीत आणि आमच्या खात्यात एक आकडा सामाईक आहे, 75.

एखाद्या तापमानाला हवा जास्तीत जास्त जेवढी वाफ धरू शकते, तिच्या किती टक्के वाफ हवेत प्रत्यक्ष आहे, ती सापेक्ष आर्द्रता. ती सुमारे 75 टक्क्यांच्या खाली असली, की शुद्ध मीठ कोरडं राहतं. वर गेली, की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्यातच विरघळू लागतं. गंमत म्हणजे तापमान 25 अंश असो की 40, हा आकडा फारसा हलत नाही. जाड्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडचा अंश असतो आणि त्याला जेमतेम 33 टक्के आर्द्रताही पुरते. म्हणून जाडं मीठ पावसाची चाहूल आधी देतं.

याची उलट बाजूही खरी आहे. झाकणबंद भांड्यात मिठाचा ओला लगदा ठेवला, तर आतली हवा आपोआप 75 टक्क्यांवर येऊन थांबते. ती कोरडी असली तर लगदा तिला पाणी देतो, जास्त ओली असली तर तिच्याकडून घेतो. यंत्रं नव्हती तेव्हा प्रयोगशाळांमध्ये काचेच्या भांड्यात असाच लगदा ठेवून औषधं दमट ठेवली जात. आर्द्रतामापक खरं बोलतोय का, हे आजही मिठाच्या लगद्यावर तपासलं जातं. आणि औषधाच्या सर्वांत कडक नेहमीच्या चाचणीची अट आहे 40 अंश सेल्सिअस आणि 75 टक्के आर्द्रता. सहा महिने.

चेंबर

पहिल्यांदा चेंबरमध्ये गेले ती घटना चष्म्यामुळे लक्षात राहिली. क्यूसीच्या, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या, वातानुकूलित खोलीतून आत पाऊल टाकलं आणि काचा पांढऱ्या झाल्या. चेंबर म्हणजे छोट्या खोलीएवढी पोलादी पेटी. दोन्ही बाजूंना मांडण्या, मध्ये एक माणूस जेमतेम वळेल एवढी वाट. भिंतीतून पंख्यांची संथ घरघर. मांडण्यांवर खोक्यांचे ट्रे, प्रत्येकावर बॅच नंबर, अट, आत ठेवल्याची तारीख. आत ठेवण्याला आमच्याकडे 'चार्ज करणं' म्हणतात आणि ठरल्या दिवशी बाहेर काढण्याला 'पुल करणं'. चेंबर सांभाळणाऱ्या काकांचं काम कॅलेंडरवर चालायचं. सकाळी आले, की आज कुणाचं पुलिंग आहे ते आधी बघायचे आणि मग चहा.

40 आणि 75 या अटीतली हवा किती ओली असते? हिशेब केला तर एका घनमीटरमध्ये सुमारे 38 ग्रॅम पाणी निघतं. युरोपातल्या औषधांसाठी नेहमीची अट 25 अंश आणि 60 टक्के आहे. त्या हवेत साधारण 14 ग्रॅम. म्हणजे आमच्या चेंबरमधली गोळी पावणेतीनपट पाण्यात उभी असते आणि वर 15 अंश जास्त उष्णता सोसते.

उष्णतेचं गणित स्वीडिश शास्त्रज्ञ स्वान्ते अऱ्हेनियस यांनी 1889 मध्ये मांडलं. तापमान चढत्या पायरीने वाढवलं, की रासायनिक क्रियेचा वेग त्याहून कितीतरी जोरात चढतो. औषधांच्या कामात धरला जाणारा नेहमीचा आकडा घेतला, तर 30 वरून 40 अंशांवर जाताना बिघडण्याचा वेग जवळजवळ तिप्पट होतो. दोन वर्षांचं उत्तर कळायला दोन वर्षं थांबायचं नसेल, तर याच गणिताचा आधार घेतात. 40 अंशांतल्या जलद चाचणीची सहा महिन्यांची आकडेवारी आणि नेहमीच्या तापमानाची बारा महिन्यांची आकडेवारी दोन्ही स्वच्छ असतील, तर 24 महिन्यांची मुदत मागता येते. पण खरी चाचणी तिथे संपत नाही. नेहमीच्या तापमानातले नमुने मांडणीवर तसेच राहतात आणि तीन, सहा, नऊ, बारा, अठरा, चोवीस, छत्तीस महिन्यांना बाहेर येतात. औषध बाजारात विकलं जात असताना त्याची भावंडं चेंबरमध्ये म्हातारी होत असतात.

याच गणितामुळे सरासरी तापमान फसवं ठरतं. समजा, एखाद्या गोदामात निम्मा काळ 20 अंश होते आणि निम्मा काळ 40. सरासरी निघते 30. कागदावर सगळं ठीक. पण 40 अंशांच्या काळात गोळी 20 अंशांच्या तुलनेत जवळजवळ नऊपट वेगाने बिघडली. हे धरून हिशेब मांडला, तर त्या गोदामाचं औषधाच्या दृष्टीने तापमान 34च्या वर जातं. औषधाला थंड दिवस परत मिळत नाहीत. उन्हाळ्यात झालेला खर्च हिवाळ्यात भरून निघत नाही.

दहा टक्क्यांचा वाद

40 अंशांची अट जगभर एकच आहे. वाद झाला तो 'नेहमीचं तापमान' कशाला म्हणायचं यावर. शूमाखर आणि ग्रिम या जर्मन तज्ज्ञांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात औषधांसाठी जगाचे चार हवामान विभाग पाडले: समशीतोष्ण, उपोष्ण, उष्ण-कोरडा आणि उष्ण-दमट. युरोप, अमेरिका आणि जपान यांनी 1990 मध्ये औषधांचे नियम जुळवण्यासाठी आयसीएच ही संस्था सुरू केली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर पहिले दोन विभाग होते. ते साहजिकच, कारण त्यांचे देश त्यातच बसत होते. बाकीच्या दोन विभागांसाठी आयसीएचने 2003 मध्ये 30 अंश आणि 65 टक्के अशी अट सुचवली.

आग्नेय आशियातल्या देशांना ती पटली नाही. आमच्याकडे बारा महिने हवा याहून ओली असते, 65वर तपासलेलं औषध आमच्या दुकानात टिकेलच कशावरून, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी 30 आणि 75 अशी अट धरली. दहा टक्क्यांचा हा वाद जागतिक आरोग्य संघटनेपर्यंत गेला, 2006 मध्ये आयसीएचने आपली सूचना मागे घेतली आणि उष्ण-दमट विभागाचे दोन भाग झाले, 30/65चा आणि 30/75चा. कुठली अट लागू धरायची ते त्या त्या देशाने सांगायचं ठरलं. संघटनेने केलेल्या देशांच्या यादीत भारतापुढे आकडा आहे 30 अंश आणि 70 टक्के.

सत्तर! तारापूरला आम्ही यावर हसायचो. पण देशासाठी एकच आकडा निवडायचा, तर कुणी दुसरं काय करणार? एकट्या महाराष्ट्रात मे महिन्यात चंद्रपूरला पारा 45च्या वर जातो आणि हवा एवढी कोरडी, की ओठ फुटतात. त्याच राज्यात जुलैत गुहागरला बरणीतलं मीठ वाहतं. सत्तर हा आकडा या दोघांपैकी कुणाच्याच घरचा नाही. निर्यात करणाऱ्या कंपन्यांनी व्यवहारात यातून सोपी वाट काढली: 75वरच तपासायचं. तिथे टिकलं, तर कुठेही टिकेल.

चौकोनाचं दुबळेपण

सगळीच औषधं दमटपणाला सारखी घाबरत नाहीत. पेनिसिलीनचं घराणं सर्वांत हळवं आणि त्याचं कारण रेणूच्या आकारात आहे. त्याच्या मध्यभागी चार अणूंचं कडं असतं, बीटा-लॅक्टॅम. कार्बनचे बंध ज्या कोनात सुखाने राहतात, त्याहून बरेच आवळून त्यांना चौकोनात बसवलेलं असतं. दाबून धरलेल्या स्प्रिंगसारखं हे कडं संधी मिळताच उघडतं. जीवाणूच्या शरीरात उघडलं, तर ते त्याच्या भिंत बांधणाऱ्या विकराला कायमचं चिकटतं आणि जीवाणू मरतो. डब्यात पाण्याच्या रेणूने उघडलं, तर त्याचं पेनिसिलॉइक आम्ल होतं आणि हे आम्ल जीवाणूचं काही वाकडं करू शकत नाही. औषधाचा गुण आणि त्याचा नाश एकाच सांध्यातून होतो.

अलेक्झांडर फ्लेमिंग यांना 1928 मध्ये बुरशीचा प्रताप दिसला, पण त्यातलं द्रव्य शुद्ध करायला गेलं, की हातातून निसटायचं. ऑक्सफर्डला फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी ते थंड ठेवून, पटापट एका द्रवातून दुसऱ्या द्रवात नेऊन आणि शेवटी गोठवून-सुकवून भुकटीच्या रूपात पकडलं. पाणी काढलं, म्हणून पेनिसिलीन टिकलं. 1941 मध्ये अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला ते टोचलं, तेव्हा साठा इतका तुटपुंजा होता, की त्याच्या लघवीतून पेनिसिलीन परत काढून त्याला पुन्हा दिलं गेलं. तो सुधारत होता. औषध संपलं आणि तो गेला. रेणूच्या पोटात खरंच असा चौकोन आहे की नाही, यावर मोठमोठे रसायनशास्त्रज्ञ भांडत होते. डोरोथी हॉजकिन यांनी 1945 मध्ये क्ष-किरणांनी तो दाखवून दिला.

आपल्याकडे हे घराणं पिंपरीला आलं. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी 1954 मध्ये स्थापन झाली, तिला जागतिक आरोग्य संघटनेची आणि युनिसेफची मदत मिळाली आणि 1955 मध्ये तिथे पेनिसिलीन बनू लागलं. पिंपरीकर तिला अजून 'एचए' म्हणतात. पेनिसिलीनच्या इंजेक्शनची रबरी बुचाची बाटली ज्यांनी पाहिली आहे त्यांना आठवेल, की आत पांढरी भुकटी असायची आणि पाणी टोचण्याच्या वेळी घालायचे. त्या दोन टप्प्यांमागे हेच कारण होतं.

अंगरक्षक

आत्याच्या पुडीतल्या गोळ्या या घराण्यातल्या आजच्या सर्वांत खपणाऱ्या जोडीच्या होत्या. मेडिकलवाले तिला नुसतं 'सिक्स ट्वेंटीफाइव्ह' म्हणतात: 500 मिलिग्रॅम अमॉक्सिसिलीन आणि 125 मिलिग्रॅम क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल. बऱ्याच जीवाणूंनी अमॉक्सिसिलीनचं कडं फोडणारं विकर तयार केलंय. क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल पुढे होऊन त्या विकराला स्वतःवर झेलतं आणि अमॉक्सिसिलीनला वाट मोकळी करून देतं. त्याची स्वतःची मारकशक्ती नगण्य. ते अंगरक्षक आहे.

आणि हाच अंगरक्षक पाण्याला सर्वांत भित्रा. 1970च्या दशकात ब्रिटनच्या बीचम कंपनीच्या शास्त्रज्ञांना तो एका मृदाजीवाणूत सापडला आणि 1981 मध्ये ही जोडी ब्रिटनमध्ये बाजारात आली. त्याचा पोटॅशियम क्षार एवढा ओलावा ओढतो, की कारखान्यात तो बहुधा सेल्युलोज किंवा सिलिका मिसळूनच येतो आणि शीतकपाटात ठेवावा लागतो. गोळ्या दाबायच्या खोलीत आर्द्रता 30 टक्क्यांच्या खाली धरतात. तिथे पाळीभर काम करून बाहेर आलेल्या माणसाचे ओठ चंद्रपूरच्या मे महिन्यासारखे सुकलेले असतात. त्यातही गंमत अशी, की त्याचा जोडीदार अमॉक्सिसिलीन आपल्या स्फटिकात दर रेणूमागे पाण्याचे तीन रेणू घेऊनच येतो. ते पाणी बांधलेलं आहे तोवर काही होत नाही. बाहेरून मोकळं पाणी शिरलं, की अंगरक्षक पडू लागतो. त्याच्या तुकड्यांचा रंग पिवळा-तपकिरी. आत्याच्या गोळीवरचे ठिपके म्हणजे त्याचंच मढं.

तपासणीच्या दिवशी आम्ही वीस गोळ्या खलबत्त्यात कुटायचो, मोजून भुकटी घ्यायचो, पाण्यात विरघळवून गाळायचो. इथून पुढे घाई, कारण पाण्यात पडल्यापासून औषधाचं घड्याळ धावायला लागतं. तासाभरात ते एचपीएलसीच्या यंत्रात जायला हवं. यंत्र मिश्रणातले घटक एकेक करून पुढे सोडतं आणि पडद्यावर प्रत्येकाचा डोंगर उमटतो. आधी क्लॅव्ह्युलॅनिकचा, मग अमॉक्सिसिलीनचा. दोन्ही सुरुवातीच्या दिवसाएवढे उंच हवेत. जलद चाचणीत मूळच्या पाच टक्के जरी फरक पडला, तरी त्याला 'लक्षणीय बदल' म्हणतात आणि कंपनीला मुदतीचा पुन्हा विचार करावा लागतो. मी जे पाहिलं त्यात दुसरा डोंगर बहुधा ताठ उभा असायचा आणि पहिला झिजायचा. नुसतं अमॉक्सिसिलीन मोजलं असतं, तर गोळी पास झाली असती. पण पेशंटच्या पोटात ती अंगरक्षकाविना गेली असती, नेमकी अशा जीवाणूपुढे, ज्याच्यासाठी अंगरक्षक नेमला होता. अपुरं औषध जीवाणूला मारत नाही, सराव देतं.

लहान मुलांच्या सिरपचं हेच. बाटलीत कोरडी भुकटी येते, घरी उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालायचं, फ्रिजमध्ये ठेवायचं आणि सात दिवसांत संपवायचं. कारखान्याने दिलेली महिन्यांची मुदत पाणी घातल्या क्षणी संपते आणि सात दिवसांची नवी सुरू होते. आठव्या दिवशी उरलेली बाटली 'पुढच्या तापाला' ठेवणारी आई माझ्या ओळखीत एक तरी आहेच.

स्ट्रिप हेच घर

या खात्यात एवढी वर्षं काढून मला पटलेली गोष्ट अशी, की आम्ही गोळी कधीच एकटी तपासली नाही. चेंबरमध्ये जायची ती पूर्ण स्ट्रिप, तिच्या पाकिटासकट. बाहेर 75 टक्के आर्द्रता असते, पण गोळीचं हवामान म्हणजे तिच्या कप्प्यातली चिमूटभर हवा. साध्या पारदर्शक प्लास्टिकच्या ब्लिस्टरमधून वाफ हळूहळू आत झिरपते. दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम असलेल्या 'अलू-अलू'मधून जवळजवळ नाहीच. कागदी खोक्यात स्ट्रिपबरोबर येणारी सिलिका जेलची पुडी लहान मुलांच्या हाती लागू नये हे खरं, पण ती टाकून द्यायचीही नसते. तिची नोकरी चालू असते.

क्षयरोगाच्या औषधांनी हा धडा अधिक कठोरपणे दिला. रिफॅम्पिसिन, आयसोनियाझिड, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल ही चार औषधं एकाच गोळीत देतात, म्हणजे पेशंट त्यातलं एखादं गाळत नाही. भारतात 2017 पासून क्षयरोग कार्यक्रमात अशा संयुक्त गोळ्या रोज देण्याची पद्धत सुरू झाली. पण इथॅम्ब्युटॉल ओलावा ओढतं आणि त्या ओलाव्यात रिफॅम्पिसिन आणि आयसोनियाझिड एकमेकांवर क्रिया करू लागतात. मोहालीच्या 'नायपर' संस्थेत सरणजित सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गोळ्यांचा पिच्छा पुरवला. 40 अंश आणि 75 टक्क्यांत उघड्या ठेवलेल्या गोळ्या दिसायलाही बिघडल्या आणि आतूनही. चांगल्या वेष्टनातल्या टिकून राहिल्या. गोळी तीच, रसायन तेच. फरक वरच्या पत्र्याचा.

आता मेडिकलच्या काउंटरवर काय होतं ते आठवा. 'पाचच द्या' म्हटलं, की कात्री येते. कात्री कप्प्यांच्या मधून नीट गेली तर ठीक. कडेला लागली, की सीलमध्ये चीर पडते आणि त्या गोळीपुरती मुदत तिथेच संपते. मुदत छापलेला कोपरा दुकानात राहतो. घरी आल्यावर उरलेल्या गोळ्या 'सोमवार-मंगळवार' लिहिलेल्या प्लास्टिकच्या डबीत जातात. ही डबी विसरभोळ्यांसाठी सोयीची आहे, पण कुठल्याही चेंबरमध्ये तिची परीक्षा झालेली नसते.

मुदत उलटलेलं औषध विषारी होतं का, हा प्रश्न मला लग्नकार्यांत सर्वांत जास्त विचारला जातो. बहुतेक औषधं नुसती कमजोर होतात. पण टेट्रासायक्लिनचा इतिहास वेगळा आहे. अमेरिकेत 1963 मध्ये काही रुग्णांची मूत्रपिंडं साखर, अमिनो आम्लं, फॉस्फेट सगळंच गाळून टाकू लागली. त्यांनी जुनं, बिघडलेलं टेट्रासायक्लिन घेतलं होतं. उष्णतेत आणि दमटपणात त्यातून एक घातक द्रव्य बनलं होतं आणि कॅप्सूलमध्ये घातलेल्या सायट्रिक आम्लाने त्या क्रियेला हातभार लावला होता. पुढे ते आम्ल वगळण्यात आलं.

दुसऱ्या टोकाची गोष्टही तेवढीच खरी. अमेरिकन लष्कराच्या साठ्यांतली औषधं फेकण्याऐवजी पुन्हा तपासण्याचा कार्यक्रम 1986 मध्ये सुरू झाला. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात 122 औषधांच्या 3005 बॅचेस होत्या. त्यांपैकी 88 टक्के बॅचेसची मुदत वाढवता आली, सरासरी 66 महिन्यांनी. हा आकडा ऐकला, की लोक खूश होतात आणि घरातला डबा आठवतो. पण ती औषधं मूळ वेष्टनात, न उघडता, तापमान राखलेल्या गोदामांत होती. आत्याच्या माजघरात नव्हती.

पहाटे तीन वाजता

एक रात्र सांगते. जुलैच होता. पहाटे तीनला काकांचा फोन आला. "मॅडम, अलार्म वाजतोय. ह्युमिडिटी 75वरून खाली चाललीय." वाफ करणारा बॉयलर बंद पडला होता. पावसातून स्कूटरने पोचले तेव्हा आकडा 58वर होता. अटीत पाच टक्के इकडे-तिकडे चालतं, सतरा नाही. दुरुस्ती, नोंदी, कारणमीमांसा, आत असलेल्या प्रत्येक बॅचवर काय परिणाम झाला असेल याचं टिपण, असा दोन दिवसांचा कारभार झाला. दाराशी उभी होते तेव्हा बाहेरचा आर्द्रतामापक 90च्या वर होता. आभाळ फुकट देत होतं ते आमच्या यंत्राला पैसे मोजून जमत नव्हतं.

काकांना तेव्हा एक प्रश्न पडला होता. आपण दोन अंशांचा आणि पाच टक्क्यांचा हिशेब ठेवतो. मग गाडीत चढल्यावर पुढे कोण ठेवतो? माझ्याकडे उत्तर नव्हतं. घाऊक व्यापाऱ्याच्या गोदामात वातानुकूलन असेल. तिथून निघालेला टेम्पो भर दुपारी महामार्गाच्या कडेला ढाब्यापाशी उभा राहतो. दुकानदार रात्री एसी बंद करून शटर ओढतो. आणि शेवटी ते एका घरात पोचतं, जिथे औषधाची जागा ठरलेली असते: फ्रिजच्या डोक्यावर, गॅसच्या वरच्या फळीवर किंवा न्हाणीघराच्या आरशामागे. घरातल्या सर्वांत गरम आणि दमट अशा तीन जागा निवडा म्हटलं असतं, तरी याहून नेमक्या निवडता आल्या नसत्या.

पाकिटावर दोन ओळी असतात. एक तारखेची आणि दुसरी 'कोरड्या, थंड जागी ठेवा, तापमान अमुक अंशांच्या खाली' अशी. 625च्या गोळीवर तो आकडा बऱ्याचदा 25 असतो. आम्ही चेंबरमध्ये वर्षंवर्षं जे सिद्ध केलं, ते या दोन ओळी मिळून होतं. दुसरी पाळली तर पहिली खरी. वाचणारा पहिलीच वाचतो, कारण ती ठळक असते.

बरणी

आत्याच्या त्या तीन गोळ्या मी मुंबईला घेऊन आले. नाहीतरी त्या उरायलाच नको होत्या. दाढ थांबल्यावर तिने डोस अर्धवट सोडला होता, त्यावर आमचं वेगळं भांडण झालं. घरी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत मिठाचा ओला लगदा केला, त्यावर स्टीलची वाटी पालथी घातली आणि वाटीवर दोन बशा ठेवल्या. एका बशीत त्यांच्यातली एक गोळी, दुसरीत त्याच औषधाची नवी गोळी तिच्या न कापलेल्या अलू-अलू कप्प्यात. शेजारी छोटा आर्द्रतामापक. झाकण घट्ट लावून बरणी ओट्याच्या टोकाला ठेवली. दुसऱ्या सकाळी काटा 75वर स्थिरावला होता. लाखो रुपयांचं चेंबर जे करतं ते सात रुपयांच्या मिठाने केलं.

चौथ्या दिवशी उघडी गोळी फुगली. आठव्या दिवशी मुलाम्याची चीर रुंदावली आणि ठिपक्यांचे डाग झाले. बाराव्या दिवशी चिमट्याने उचलायला गेले तर कडेचा तुकडा चिमट्यालाच चिकटून आला. कप्प्यातली गोळी फोडून पाहिली, ती पांढरी आणि टणक होती. हा पुरावा नव्हे. आत काय उरलं हे डोळ्यांना दिसत नाही आणि नुसत्या रंगावर मी कधी सही केली नसती. पण आत्याला दाखवायला एवढं पुष्कळ होतं. मी फोटो काढून पाठवले.

तिचा फोन तासाभराने आला. फोटोंबद्दल ती काहीच बोलली नाही. म्हणाली, "रक्तदाबाच्या स्ट्रिपा आता पापडाच्या डब्यात ठेवल्यात. अख्ख्या. कापून आणत नाही."

पापडाचाच का, असं मी विचारलं.

"अगं, तो डबा घरात सगळ्यांत घट्ट. आणि रोज उघडत नाही मी तो. आठवड्याच्या सात काढून बाहेर ठेवते, स्ट्रिपसकट."

अकरा वर्षांत मी लिहिलेल्या कुठल्याही प्रोटोकॉलमध्ये यापेक्षा शहाणं कलम नव्हतं. डबा जितक्या वेळा उघडाल तितक्या वेळा बाहेरची हवा आत येते, हे तिला पोह्यांनी, तांदळांनी आणि पापडांनी शिकवलं होतं. गोळ्याही त्याच यादीत बसतात, हे मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं. आम्हीही नाही. आम्ही फक्त पाकिटावर बारीक अक्षरात छापलं होतं.

परवा, पाऊस सरल्यावर, पुन्हा तिचा फोन आला. डब्यातल्या गोळ्या ठीक आहेत का, असं मी आपलं सवयीने विचारलं. "थांब," ती म्हणाली. झाकणाचा आवाज झाला. मग तिने फोन जवळ धरून एक कच्चा पापड मोडला. तो कडकन वाजला.